पेटी, घुमट आणि लॅपटॉप : घरच्या घरी संगीत तयार करण्याची पहिली जुळवणी

पेटीवर चार अभंग वाजवता येतात, भजनी मंडळात तबल्याची नाहीतर झांजेची साथ करता, चवथीच्या घुमट आरतीत (घुमट म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य) हात साफ आहे आणि घरात एक बऱ्यापैकी लॅपटॉप आहे, अशा गोमंतकीय वाचकासाठी हा लेख आहे. स्टुडिओचं भाडं न भरता आपलं भजन, आरती किंवा स्वतः बांधलेली चाल नीट रेकॉर्ड करायची असेल, तर सुरुवात कुठून करावी, काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये, ते इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ एकाच प्रकारचं संगीत गृहीत धरतात: चार मात्रांचा ठेका, पियानोचे सूर, ड्रमसेट. सॉफ्टवेअरही उघडताच तशाच तयारीत समोर येतं. आपण त्यात रूपकातला अभंग घालायला जातो, सम भलतीकडेच पडते, पेटीचा आवाज सापडत नाही, आणि आठवड्याभरात कीबोर्ड कपाटावर जातो. खरं तर रूपक, दादरा, काळी चार, मींड, घुमटाचा घुमारा, सगळं या सॉफ्टवेअरमध्ये होतं. फक्त पहिल्याच दिवशी काही गोष्टी आपल्या हाताने बदलून घ्याव्या लागतात. त्या बदलांवरच मी जास्त वेळ थांबणार आहे.

मिडी म्हणजे नेमकं काय

मिडी कीबोर्ड स्वतः वाजत नाही. नवा आणून जोडला आणि पट्टी दाबली तर काहीही ऐकू येत नाही, आणि यंत्र बिघडलेलं आलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. कीबोर्ड संगणकाला फक्त निरोप पाठवतो: अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, आता सोडली. कागदावरच्या स्वरलिपीला जसा स्वतःचा आवाज नसतो, गाणारा तिला आवाज देतो, तसंच हे आहे. इथे गाणारा म्हणजे संगणकातलं वाद्य. म्हणून एकदा वाजवलेली ओळ पेटीच्या आवाजात ऐकता येते, बासरीच्या आवाजात ऐकता येते, काळी एकवरून काळी चारला नेता येते, चुकलेला एखादाच सूर उचलून जागेवर ठेवता येतो.

निरोपांची ही भाषा, म्हणजेच मिडी, १९८३ साली ठरली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत यासाठी अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला होता. २०१३ मध्ये दोघांना त्याबद्दल टेक्निकल ग्रॅमी मिळालं. प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मध्य सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, काळी चार ६८. पट्टी किती जोरात दाबली तेही १२७ पर्यंतच्या आकड्यातच मोजतात. हे क्रमांक पाठ करायची गरज नाही, पण ६० कुठे आहे ते लक्षात ठेवा. काही सॉफ्टवेअर त्याच सुराला सी ३ म्हणतात, काही सी ४, काही सी ५. त्यामुळे एका ठिकाणची सूचना दुसरीकडे वापरताना सप्तक चुकतं. क्रमांक मात्र कुठेही बदलत नाही.

१९९१ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी १२८ वाद्यांची एक सामाईक यादी ठरली. तिच्यात सतार आहे, शहनाई आहे. पेटी नाही, तबलाही नाही. त्यामुळे साध्या वाद्यसंचात हार्मोनियम शोधत संध्याकाळ घालवू नका. त्यातल्या त्यात जवळचा आवाज रीड ऑर्गन या नावाखाली मिळतो, सरावाला तो पुरतो. आपलं स्वतःचं वाद्य संगणकात कसं आणायचं ते पुढे येईलच.

काय विकत घ्यावं

लॅपटॉप नवा घेण्याची घाई नको. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा विंडोज लॅपटॉप सुरुवातीला पुरेसा आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा असेल तर फक्त एसएसडी बसवून घ्या. कीबोर्डपेक्षा हा खर्च आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कीबोर्डात २५, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे प्रकार येतात. सगळीकडे पहिला सल्ला २५ पट्ट्यांचा मिळतो, कारण तो स्वस्त आणि पिशवीत मावणारा असतो. ठेके आणि तालवाद्यं करणाऱ्याला तो खरंच पुरतो. पेटीवाल्याने मात्र हिशोब करून पाहावा. हे कीबोर्ड पांढरी एकला सुरू होऊन दोन सप्तकांनी पांढरी एकलाच संपतात. काळी एकला सा धरला तर खाली मंद्राचा एकटा शुद्ध निषाद उरतो, त्याखाली पट्टीच नाही. काळी चारला सा धरला तर वर तार गंधाराशी रस्ता संपतो, आणि तार पंचमापर्यंत जाणारा अभंग अडतो. सप्तक बदलण्याचं बटण असतं, पण आलाप चालू असताना ते दाबत बसणं कुणालाही जमत नाही. म्हणून पेटी वाजवणाऱ्यांनी ४९ पट्ट्यांचा घ्यावा, आणि तोही पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा. मिनी पट्ट्यांवर पेटीचा सरावलेला हात शेजारच्या सुरावर पडतो. पियानोसारख्या वजनदार पट्ट्यांसाठी जादा पैसे देऊ नका. पेटीची पट्टी मुळातच हलकी असते.

घुमट, तबला, ढोलकी वाजवणाऱ्यांनी पट्ट्यांपेक्षा पॅड पाहावेत. बोटाने वाजवायचे आठ किंवा सोळा रबरी चौकोन असलेला कीबोर्ड घ्या. अकाई, आर्टुरिया, नोव्हेशन, एम-ऑडिओ या कंपन्यांची छोटी यंत्रं भारतात सहज मिळतात. अनेकांबरोबर एबलटन लाइव्ह लाइटसारखं सॉफ्टवेअर फुकट येतं, तेव्हा खोक्यातला नोंदणीचा कागद टाकून देऊ नका.

हेडफोन वायरचाच हवा, कान पूर्ण झाकणारा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की झांज वाजवल्यावर ती समेच्या मागून ऐकू येते. गाणी ऐकायला ते चालेल, वाजवायला नाही.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधली ती छोटी डबी, गळा किंवा खरं वाद्य रेकॉर्ड करायचं ठरेल तेव्हा घ्या. नुसत्या मिडी कामाला तिच्यावाचून चालतं. स्पीकर तर पहिल्या वर्षी घेऊच नका. चिऱ्याच्या भिंती आणि फरशी असलेल्या आपल्या खोल्यांत आवाज इतका आपटतो की महागड्या स्पीकरवरही खर्जाचा अंदाज चुकतो.

सॉफ्टवेअर कोणतं

ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यातच सुरू करा. विंडोज किंवा लिनक्स असेल तर माझी शिफारस रीपर. विनॲम्प हा जुना गाणी वाजवणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर आहे. आकाराने लहान, जुन्या लॅपटॉपवरही धावणारं, आणि साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं. नंतर घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो. त्यात वाद्यांचे आवाज फारसे नसतात, हे आधीच माहीत असावं. ते वेगळे घ्यायचे. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथेसायझर फुकट मिळतात. स्पिटफायर ऑडिओच्या लॅब्स संचात तंतुवाद्यं, पियानो असे रेकॉर्ड केलेले आवाज फुकट मिळतात.

एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, लॉजिक, सगळी उत्तमच आहेत. मित्राकडे जे असेल ते घेणंही शहाणपणाचं, कारण अडल्यावर विचारायला माणूस मिळतो. मात्र एक निवडलं की निदान सहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका. आणि चोरीची प्रत टाकू नका. फुकट पर्याय एवढे चांगले असताना व्हायरसची जोखीम कशाला घ्यायची?

जोडणी

पुढच्या पायऱ्या रीपरच्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी बदलतात, क्रम हाच राहतो.

१. कीबोर्ड यूएसबीला जोडा, मगच रीपर उघडा.

२. ऑप्शन्समधून प्रेफरन्सेसमध्ये जा. मिडीच्या यादीत तुमच्या कीबोर्डचं नाव दिसेल, ते चालू करा. नवख्यांचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

३. विंडोजवर असाल तर तिथेच ऑडिओ डिव्हाइसमध्ये एएसआयओ, म्हणजे आवाजातला उशीर कमी करणारी पद्धत, निवडा. इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका.

४. ट्रॅक मेनूमधून व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट नव्या ट्रॅकवर घ्या आणि एखादं वाद्य निवडा. ट्रॅकवरचं लाल बटण लागलेलं असलं पाहिजे. आता पट्टी दाबा.

आवाज आला, पण बोटाच्या मागून येतोय? मग बफर पाहा. संगणक आवाज तुकड्या-तुकड्याने पाठवतो, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ च्या बफरला साधारण २३ मिलिसेकंद लागतात, २५६ ला जेमतेम सहा, १२८ ला तीन. प्रत्यक्षातला उशीर याहून थोडा जास्त असतो. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. आवाज तडतडू लागला तर एक पायरी वर जा. रेकॉर्डिंग संपवून मिश्रणाला बसाल तेव्हा १०२४ करा, संगणकाला मोकळा श्वास मिळतो.

ताल, पट्टी आणि भाता

आता मुख्य काम. नवा प्रोजेक्ट उघडला की तो १२० च्या लयीत, ४/४ मध्ये असतो. काहीही वाजवण्याआधी हे बदला.

लयीचा आकडा म्हणजे मिनिटाला किती मात्रा. मध्यलयीतलं भजन गुणगुणत टॅप टेम्पोचं बटण मात्रेमात्रेला दाबा, आकडा आपोआप मिळतो. मग ताल. रूपकाला ७/४ ठेवा म्हणजे दर सात मात्रांनी नवी रेघ येते, आणि ती रेघ म्हणजे तुमची सम. झपताल ५/४ च्या दोन घरांत बसतो, तीनताल ४/४ च्या चार घरांत, एकताल ४/४ च्या तीन घरांत. दादऱ्याला ६/८ सोयीचा. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ४/४ च्या दोन घरांत येतात. सम दर वेळी रेघेवर दिसली की कापणं, जोडणं, एखादं आवर्तन पुन्हा वापरणं सगळं सोपं होतं.

मेट्रोनोमचा टिकटिकाट समेवर जोरात आणि बाकी मात्रांवर हळू येतो. रूपकात खाली समेलाच असल्यामुळे ते काहींच्या कानाला खटकतं. अशा वेळी टिकटिक बंद करा आणि आधी ठेक्याचं एक आवर्तन पॅडवर वाजवून तेच फिरतं ठेवा. ठेक्यावर गाणं आपल्याला टिकटिकीपेक्षा नेहमीच सोपं जातं.

आणि हे माझ्या मनापासून सांगतो: आरती आणि गजर यांना एका लयीत डांबू नका. घुमट आरती चढत जाते, तिची जानच त्या चढण्यात आहे. टिकटिक बंद करून सगळे एकत्र वाजवा, रेकॉर्ड करा, मग हवं तर रेघा वाजवण्याप्रमाणे सरकवून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये लय मधेमध्ये बदलण्याची सोय असते.

क्वांटाइझ नावाचं बटण प्रत्येक सूर ओढून नेमक्या मात्रेवर ठेवतं. मोह आवरा. त्याची ताकद शंभर टक्क्यांवरून पन्नासच्या आसपास आणली तर चुका झाकल्या जातात आणि वाजवणाऱ्याची ढब शिल्लक राहते.

पट्टीचं पाहू. बऱ्याच घरांतल्या जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या आजच्या मापाला तंतोतंत लागलेल्या नसतात. काळी पाच म्हणून वाजणारा सूर थोडा चढा किंवा उतरलेला असतो. घरची पेटी आणि संगणकातली वाद्यं एकत्र वाजवणार असाल तर फोनवरच्या ट्यूनरने पेटीचा सा मोजा आणि संगणकातल्या वाद्यांचं फाइन ट्यून तेवढे सेंट सरकवा. पेटी बदलता येत नाही, संगणक बदलता येतो. शंभर सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर.

कान तयार असलेल्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. तंबोऱ्यावर लागणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला असतो. कीबोर्डची बारा स्वरांची समान वाटणी तो देऊ शकत नाही. सर्ज एक्सटी आणि व्हायटलमध्ये स्वरांची स्वतःची मांडणी भरता येते. पहिल्या महिन्यात तिकडे जायची गरज नाही, पण संगणकातला तंबोरा आणि गंधार भांडताहेत असं वाटलं तर कारण हे आहे.

मींडेसाठी कीबोर्डच्या डाव्या बाजूला पिच बेंडची चाकी किंवा काडी असते. ती नेहमी दोन पट्ट्यांएवढीच वर-खाली जाते. वाद्याच्या सेटिंगमध्ये ती मर्यादा बारा करा, म्हणजे सा ते तार सा एका ओढीत जाता येईल. हात बसायला वेळ लागतो. रोज पंधरा मिनिटं फक्त रे ते ग एवढीच मींड घेत बसा.

पेटीवाल्यांनी मात्र सगळ्यात आधी भात्याचा प्रश्न सोडवावा. पियानोत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा. पेटीत पट्टीच्या जोराला काही अर्थ नसतो, आवाज भाता ठरवतो. पण मिडी कीबोर्ड पियानोच्या विचाराने बनलेला असल्यामुळे पेटीच्या आवाजात एक सूर मोठा, एक बारीक असं वाजू लागतं आणि ते फार खोटं वाटतं. उपाय दोन टप्प्यांचा. कीबोर्डवर फुल लेव्हल किंवा फिक्स्ड व्हेलॉसिटीचा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे सगळे सूर सारखे येतील. मग डावीकडची मॉड्युलेशनची चाकी किंवा एखादं फिरतं बटण वाद्याच्या आवाजाला जोडा. मिडीत यासाठी एक्स्प्रेशन नावाचा ११ क्रमांकाचा निरोप ठरलेला आहे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकीवर: भात्याची सवय असलेल्या डाव्या हाताला हे काम लगेच ओळखीचं वाटतं. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐका. पी. मधुकर यांचे ते शिष्य, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सूर कुठे भरतो आणि कुठे विरतो एवढ्यावरच लक्ष ठेवून ऐका, आणि चाकीवर तेच करून पाहा. यापेक्षा चांगला धडा कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

आपलं घुमट संगणकात आणणं

विकतच्या वाद्यसंचात घुमट मिळणं कठीण. तबला मिळेल, ढोलक मिळेल. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, पण संगणकात ते आपल्यालाच आणायचं आहे. नवख्याला हे काम जड वाटेल. तरीही मी ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करायला सांगेन, कारण माइक, आवाजाची पातळी, कापणी, मिडी क्रमांक या सगळ्यांचा हात या एका कामात बसतो, आणि हाती येतं ते वाद्य आपल्याच घरचं असतं.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्याने आता बकऱ्याचं लावतात. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचं तोंड झाकतो, उघडतो. त्या उघडझापीतच घुमारा आहे. म्हणून दोन माइक असतील तर एक चामड्यासमोर हातभर अंतरावर आणि दुसरा मागच्या तोंडाशी ठेवा, अगदी तोंडात नको. एकच असेल तर बाजूला, दोन्ही तोंडांना सारखा दिसेल असा. फोनच्या माइकवरही सुरुवात होते.

पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोराचा ठोका उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. लाल दिवा लागला की तो ठोका वाया गेला, नंतर दुरुस्त होत नाही.

आता चार ठोके निवडा: मागचं तोंड उघडं ठेवून मध्यावर, तोंड झाकून मध्यावर, कडेवर बोटाची टिचकी, आणि तळवा सरकवत घेतलेला घुमारा. प्रत्येक ठोका हळू, मध्यम आणि जोरात. प्रत्येक प्रकार तीन-तीन वेळा. चार गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे छत्तीस ठोके. दोन ठोक्यांत पुरती शांतता सोडा, घुमारा पूर्ण विरू द्या. एकाच ठोक्याच्या तीन प्रती अशासाठी, की एकच प्रत पुन्हा पुन्हा वाजली तर जलद लयीत ते यंत्राचं कुटणं वाटतं. प्रती आळीपाळीने वाजल्या की हाताचं वाजवणं वाटतं.

मग प्रत्येक ठोका कापा. सुरुवात अगदी ठोक्याला भिडवून कापा. आधी थोडीही शांतता राहिली तर पॅड दाबल्यावर उशीर वाटतो. शेवट मात्र सैल सोडा आणि हळूहळू विझवा. फाइलला नाव द्या: घुमट-उघडा-जोर-१, असं. वर्षभराने उघडाल तेव्हा स्वतःला दुवा द्याल.

रीपरमध्ये रीसॅम्पलोमॅटिक नावाचं साधं सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज पट्टीवर किंवा पॅडवर वाजवणारं साधन, असतं. त्यात फाइल ओढून टाका आणि ती कोणत्या मिडी क्रमांकावर वाजेल ते ठरवा. बहुतेक पॅड ३६ पासून सुरू होतात, तेव्हा ३६ ला उघडा ठोका, ३७ ला झाकलेला, ३८ ला टिचकी, ३९ ला घुमारा. जोराची मर्यादाही तिथेच देता येते: १ ते ५० ला हळू फाइल, ५१ ते ९५ ला मध्यम, त्यावर जोराची.

एक बारकावा ठेक्याचा रंग बदलतो. उघड्या ठोक्याचा नाद चालू असताना झाकलेला ठोका पडला की खऱ्या घुमटात तो नाद तिथेच तुटतो. संगणकात दोन्ही फाइली स्वतंत्र, त्यामुळे नाद एकमेकांवर चढतो आणि सगळं गढूळ होतं. ड्रमच्या सॅम्पलरमध्ये यासाठी चोक ग्रुपची सोय असते: एका गटातला एक आवाज सुरू झाला की दुसरा थांबतो. घुमटाचे उघडा, झाकलेला आणि घुमारा एकाच गटात ठेवा, टिचकी बाहेर. याच पद्धतीने शामेळ (घुमटाच्या साथीचं, काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळं (मोठी झांज) घ्या. कांसाळ्याचा नाद लांब असतो, त्याला निदान दहा सेकंद द्या.

पेटी याच मार्गाने येते, फक्त ठोक्याऐवजी लांब सूर लागतो. भाता एकसारखा ठेवून दर तिसऱ्या पट्टीचा आठ-दहा सेकंदांचा सूर घ्या. मधल्या पट्ट्या सॅम्पलर शेजारच्या सुरावरून भरून काढतो. भात्याची करकर आली तर येऊ द्या, ती पेटीचीच आहे.

गळा, पाऊस आणि वीज

गळ्यासाठी इंटरफेस आणि माइक लागेल. कंडेन्सर माइक बारकावे टिपतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागतो. पण तो खोलीही टिपतो, पंखाही टिपतो आणि सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगाही. खोली शांत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या आणि चार बोटांवरून गा. खोलीत गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तिथे गाणाऱ्याची पाठ करा. माइक ज्या दिशेने ऐकतो तिथेच मऊ काहीतरी हवं. देवघरासमोरच्या मोकळ्या चौकीत गळा छान घुमतो हे खरं, पण तो घुमारा नंतर काढून टाकता येत नाही. घालता मात्र केव्हाही येतो.

जून ते सप्टेंबर पत्र्यावर आणि कौलांवर पाऊस पडत असताना गळ्याचं रेकॉर्डिंग विसरा. ते चार महिने मिडीचे: ठेके बांधा, पेटीच्या ओळी वाजवा, उन्हाळ्यात घेतलेले घुमटाचे ठोके कापत बसा. दमटपणा कंडेन्सर माइकचा शत्रू आहे. वापर झाला की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला. कीबोर्डवर सुती कापड टाका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर यूएसबीची तोंडंही खारट हवेने हिरवी पडतात.

मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात सगळी यंत्रं प्लगमधून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये सतत गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर घराच्या अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. डेस्कटॉप वापरणाऱ्यांना यूपीएस हवाच, आणि सगळ्यांनीच दर दहा मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय लावावी.

पहिलं संपूर्ण काम

पहिल्यांदा एकच अभंग घ्या, दोन कडव्यांचा. चार ट्रॅक: तंबोरा, ठेका, पेटी, गळा. संतांच्या रचना कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल असू शकते. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतात. घरच्या सरावाला कुणी अडवत नाही. सार्वजनिक करायचं असेल तर पारंपरिक किंवा स्वतःची चाल घ्या.

मिश्रणाबद्दल थोडंच सांगतो, कारण सुरुवातीला थोडंच करायचं असतं. आधी गळा आणि ठेका एवढेच ऐकत पातळी जुळवा, मग पेटी गळ्याच्या खाली आणा, तंबोरा शेवटी, जेमतेम जाणवेल एवढा. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. तिथे पंख्याची घरघर असते, गाणं नसतं. रिव्हर्ब, म्हणजे वरून घातलेला घुमारा, सगळ्यांना एकच द्या. मग फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण तुमचं मंडळ तिथेच ऐकणार आहे. घुमटाचा खर्ज फोनवर नाहीसा होतो. तेव्हा खर्ज वाढवत बसू नका, बोट चामड्यावर पडल्याचा जो टणक आवाज असतो तो थोडा वर आणा. कान उरलेला घुमारा स्वतः भरून घेतो.

रेंडर करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून एक फाइल बनवताना, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल काढा आणि तिच्यावरून वाटण्यासाठी एमपी३ बनवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे जशी आहे तशीच पोचते. प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर, घुमटाच्या छत्तीस ठोक्यांसकट, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. तुमचा अभंग काळी एकला असेल आणि मंडळातल्या दुसऱ्या गायकाला तोच पांढरी दोनला हवा असेल तर पेटीची मिडी ओळ निवडून एक पट्टी वर सरकवा, तंबोऱ्याचा सूर बदला, गळ्याचा ट्रॅक रिकामा करा आणि त्याला माइकसमोर बसवा.